पिवळ्या फ्रॉकच्या चार दुमडी

॥ श्री ॥

सौंदड,
ता. ९ नोव्हेंबर २०२२

ती. फुलवंता आत्यास,
मंजूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

जुन्या कपड्यांचा गठ्ठा मागच्या आठवड्यात पोचला. फुफाजींनी तो गोंदियाच्या फलाटावर बाबांच्या हाती दिला आणि बाबांनी सौंदडपर्यंत मांडीवर धरून आणला. खाली ठेवला तर कोणाचा पाय लागेल, असं त्यांना वाटलं. फुफाजी गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. दोनदा म्हणाले म्हणे, पोरीले सांग, एकही चिंधी परत पाठवायची नाही, सगळी लागली पाहिजे. त्यांच्या तोंडून एवढं बोलणं निघालं म्हणून बाबांनाच नवल वाटलं.

फोन केला असता, पण तुला कमी ऐकू येतं आणि फुफाजी निरोप निम्मा गिळतात. शिवाय तुझा नियमच आहे की जपून ठेवण्यासारखं जे सांगायचं ते कागदावर सांगायचं. गोंदियाला शिवणाच्या वर्गात रुख्मा मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, कोणत्या शाळेत शिकलीस. मी सांगितलं, पहिली चार वर्षं सालेकसाला, आत्याच्या ओसरीवर. सगळ्या हसल्या. शाळेत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता म्हणून बाबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं होतं, हे काही मी सांगत बसले नाही. एकाच घरात राहून तू मला आणि तुझ्या सोनूला दर शनिवारी एकमेकींना पत्र लिहायला लावायचीस. सोनू तीन ओळींत संपवायची आणि मी पाठपोट भरून लिहायची. आज ती असती तर तिनं ही गोधडी एका आठवड्यात उरकली असती आणि मला पट्टी घेऊन बसलेली बघून पोट धरून हसली असती.

आता गोधडीचं. तुझ्यासारखी ही होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. तू कडेपासून मधे असा गोल गोल धावदोरा घालतेस आणि ठिगळ जिथं बसेल तिथं बसवतेस. हिच्यात चार-चार इंचांचे चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांचा, एक रंगीत आणि एक पांढरा. असे चार चौकोन फिरवून जोडले की भिंगरी होते. बत्तीस भिंगऱ्या करायच्या आणि त्यांच्या आड एकेक कोरा पांढरा तुकडा. मोकळी जागासुद्धा शिवावी लागते, असं मॅडम म्हणतात. तुझं मोरपंखी लुगडं, जांभळं पोलकं, फुफाजींचा निळ्या पट्ट्यांचा सदरा, सगळं त्यात आहे. पांढऱ्यासाठी त्यांची धोतरं. सोबत चित्र जोडलं आहे. त्रिकोण म्हटला की मला अजून तुझा रुमालच आठवतो. टोकावर टोक ठेवून घडी घालायची, दोन्ही बाजू जुळल्या की समान.

तू शिकवलंस तसंच केलं आहे. कापण्याआधी प्रत्येक शिवण उसवली, प्रत्येक दुमड उलगडली, मगच धुतलं. घडीत दडलेली माती आणि ओल कापड खाते, असं तू म्हणायचीस. तीन दिवस उसवण्यातच गेले. मापं मी तीनदा घेते, तरी धीर होत नाही. एक सूत चुकलं की शेवटच्या ओळीत बोटभर चुकतं.

एक गंमत आहे, ती मात्र आत्ता सांगणार नाही. गोधडी हातात आली की तूच मधल्या भिंगरीकडे बघ.

आई-बाबा खुशाल आहेत. थंडीच्या आत पुरी करण्याचा विचार आहे. शिवण कुठं कच्ची निघाली तरी माया पक्की असू दे.

तुझी,
मंजू

•

सालेकसा,
ता. २० नोव्हेंबर २०२२

चि. मंजूस फुलवंता आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. भिंग लावून दोन दिवसांत वाचलं. अक्षर छान आहे, पण ओळी फार जवळ जवळ घालतेस. कागद महाग झाला असला तरी म्हाताऱ्या माणसावर दया कर.

चित्र बघितलं. ही गोधडी पांघरायची आहे की तपासायची, तेवढं एकदा कळव. तुझ्या फुफाजींना दाखवलं तर म्हणाले, हे त ग्रामपंचायतीच्या नव्या फरशीवानी दिसून राहिलं, यावर चप्पल काढून झोपावं लागंल. शेजारची शामकला मात्र भुलली आहे. तिला तिच्या सुनेसाठी तसलीच हवी. मी सांगितलं, आमची पोर एक गोधडी शिवायला तीन वेळा मोजते, तुझी सून तोवर आजी होईल. हसू नकोस, आणि मोजणंही सोडू नकोस. तुझं ते मोजणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. चार लाडू दोघींत वाटायला दिले तरी तू सोनूचे आधी मोजायचीस.

धान कापून झालं. चुरणा बाकी आहे, दाणे अजून पेंढ्यांतच आहेत. सकाळी रेल्वेच्या रुळापलीकडे काही दिसत नाही इतकं धुकं असतं. मला तसंही दिसत नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे, उजवा वाट बघतो आहे. सुईत दोरा शामकला ओवून देते. चार सुया ओवून खांबाला टोचून जाते, त्या संपल्या की माझं शिवण बंद. म्हणून तर गोधडी तुझ्या गळ्यात घातली.

आता एक विचारायचं आहे. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आधी लिहिलं असतं तर बाकीचं तू वाचलं नसतंस. पत्र्याच्या पेटीत सोनूचा पिवळा फ्रॉक होता. त्या वर्षी कापडाच्या एकाच थानातून तुमच्या दोघींचे शिवले होते, तुला आठवत असेल. तो सापडत नाही. पेटी तीनदा उपसली. फुफाजी म्हणतात उंदरानं नेला असंल. पेटीला कुठं भोक नाही. चुकून तुझ्या गठ्ठ्यात आला असेल तर तेवढा बाजूला ठेव. धुऊ नकोस, उसवू नकोस. त्याच्या घेराला चार दुमडी आहेत. पोर वाढेल तशी दर दिवाळीला एक सोडायची म्हणून पाच घातल्या होत्या. एकच सोडली गेली.

नसेल आला तर नसेल. मग पेटी पुन्हा बघीन. उत्तर लवकर टाक.

थंडीत कानाला बांधून बस. तुझ्यावरचा जीव आहे तिथंच आहे.

तुझी,
आत्या

•

सालेकसा,
ता. २२ नोव्हेंबर २०२२

मंजू पोरी,
छोटेलालचा आशीर्वाद.

मी, तुझा फुफाजी, पत्र लिवत नसतो हे तुले माहीत हाय. तुझी आत्या शामकलाकडं गेली हाय म्हणून घाईत लिवून रायलो.

तिनं तुले फराकाचं विचारलं. तो मीच गठ्ठ्यात टाकला. धोतराच्या मधात घडी घालून टाकला. उंदीर-बिंदीर काई नाई.

बारा वर्सं झाले पोरी. दुपारी जेवन झालं का पेटी उघडते, फराक मांडीवर घेते अन् बसून रायते. चूल इझून जाते. मी कधी काई म्हटलं नाई. आता तिले दिसत नाई त हातानं चाचपून पायते. घेर, बाही, मंग त्या दुमडी. येक, दोन, तीन, चार. मग पुन्ना पयल्यापासून. मले पायवत नाई. मले वाटलं पेटीत ठेवून कोनाच्या कामाचा. गोधडीत गेला त तिच्या आंगावर राहील अन् तिले समजनार बी नाई. माझी अक्कल येवडीच.

आता ती जेवून नाई रायली. तू तिले लिव का फराक आलाच नाई. समजलं त तिचा जीव जाईल, अन् माझ्या हातानं गेला असं होईल. हे खोटं माझ्या नावावर टाक, वर गेल्यावर मी निपटून घेईन.

कागद फाडून टाकजो.

छोटेलाल

•

सौंदड,
ता. १ डिसेंबर २०२२

ती. आत्यास,
मंजूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गठ्ठा पुन्हा सगळा पाहिला. आज त्यात पिवळा फ्रॉक नाही.

गोधडीचं काम सध्या जरा थांबलं आहे, बोटाला सुई लागली. विशेष काही नाही. तू जेवत जा. फुफाजींना नमस्कार.

माया असू दे.

मंजू

•

सौंदड,
ता. १५ डिसेंबर २०२२

ती. आत्यास,
मंजूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं फाडणार नाही, असं ठरवून बसले आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आज गठ्ठ्यात पिवळा फ्रॉक नाही. ते खरं आहे. तो नाही, कारण मी तो कापला आहे. तुझं पत्र येण्याच्या आठ दिवस आधीच कापला होता. त्याचे वीस त्रिकोण झाले. ते पाच भिंगऱ्यांत शिवून झाले आहेत आणि त्यांतली एक गोधडीच्या बरोबर मधे आहे. शब्दांत खोटं सापडणार नाही अशी ओळ मी जुळवली आणि पाकीट चिकटवलं. त्या दिवसापासून मला जेवताना ती ओळ आठवते. तू आम्हाला शिकवलं होतंस की पत्रात खोटं लिहायचं नाही, समोरच्याला आपला चेहरा दिसत नसतो. मी खोटं लिहिलं नाही, फक्त चेहरा लपवला. ते जास्त वाईट आहे, हे मला लिहितानाच कळत होतं.

फ्रॉक गठ्ठ्यात कसा आला, हे मी सांगणार नाही. तेवढं विचारू नकोस. उंदरावर मात्र आळ घेऊ नकोस.

कापताना तो मला सोनूचा वाटला नाही. मला वाटलं, तो माझाच. आमच्या दोघींचे एकाच थानाचे होते ना. मला वाटलं, आत्यानं माझा फ्रॉक इतकी वर्षं जपून ठेवला आणि आता न बोलता पाठवून दिला. मी इतकी हरखले की सगळ्यांत आधी तोच घेतला. तुला सांगणार नव्हते ती गंमत हीच. पण माझा फ्रॉक तर मी सौंदडला बारा वर्षांची होईपर्यंत वापरला. त्याच्या सगळ्या दुमडी आईनं सोडल्या होत्या. पुढं फाटला तेव्हा बाबांनी तो सायकल पुसायला घेतला. हे मला माहीत होतं, आत्या. दुमडी उसवताना एकदा मनात आलंसुद्धा की माझ्याला तर एकही उरली नव्हती. आलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण तो माझाच असावा असं मला फार वाटत होतं. एक सूत चुकू नये म्हणून तीनदा मोजणारी मी, तिथं एकदाही थांबले नाही.

तू म्हणाली होतीस, धुऊ नकोस, उसवू नकोस. दोन्ही झालं आहे. तूच शिकवलेल्या पद्धतीनं, शिवण आणि शिवण.

आता जे पाहिलं ते सांगते. फ्रॉक सगळा विटला होता, वाळल्या गवतासारखा. पण चारही दुमडींच्या आत मूळ रंग होता. ऊन न लागलेला, वारा न लागलेला. चार लख्ख पट्टे, ताज्या हळदीसारखे. तो फ्रॉक खरा कसल्या रंगाचा होता, हे मी विसरले होते. तूही विसरली असशील. हे पट्टे माझ्या मांडणीत बसेनात, म्हणून घेराचा खालचा भाग मी कापला नाही. एक हात उंच आणि अडीच हात लांब, एवढा तो साबूत आहे. आता त्याला हात लावायची मला भीती वाटते. उशीखाली ठेवला तर चुरगळेल म्हणून भिंतीवर टांगला आहे, आणि टांगला तर ऊन लागेल म्हणून वर पांढरं कापड घातलं आहे.

तू म्हणशील तर सगळे त्रिकोण उसवून देते. ते पुन्हा जोडता येतील, पण तो फ्रॉक होणार नाही, हे मला समजतं.

आणखी एक. सोनू भाद्रपदात गेली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन आले. तू ओसरीवर आली नाहीस. माझं काय चुकलं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही कधी नाही. आता तर खरंच चुकलं आहे. दोन्हींचं मिळून जे काय बोलायचं ते एकदाच बोल. मी वाचीन.

माया ठेव असं लिहायचा मला आज हक्क नाही. तू जेवत जा, एवढंच.

मंजू

•

सालेकसा,
ता. २८ जानेवारी २०२३

चि. मंजूस आत्याचे आशीर्वाद.

सहा आठवडे लावले. तू त्यातला एकेक दिवस मोजला असशील. मोजायला लावले, कारण मला राग आला होता. तुझं पत्र वाचलं आणि पेटीत उलटं घालून ठेवलं, फ्रॉक असायचा त्या जागी.

राग कशाचा, ते नीट समजून घे. कात्रीचा नाही. जुनं कापड हाती आलं की आधी उसवायचं, हे मीच तुझ्या बोटांत घातलं. तू आंधळेपणानं ऐकलंस, त्याला मी काय म्हणणार. राग त्या एका ओळीचा. आज त्यात पिवळा फ्रॉक नाही. अशी ओळ मी तुला शिकवली नव्हती. पुन्हा लिहू नकोस.

उंदराचं म्हणशील तर, उंदराला धोतराच्या मधे घडी घालून ठेवता येत नाही. चाळीस वर्षं मी त्या उंदराला दोन वेळा जेवायला वाढते आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी ताट पुढं ठेवलं आणि विचारलं. घास हातात धरून बसला. मग रडला. सोनू गेली तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, या माणसाला काही होत नाही. तो दुपारी मागच्या अंगणात जाऊन बसायचा, ते बिडी ओढायला असं मी धरून चालले होते. मी पेटी उघडली की तो उठून जायचा, हे बारा वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे न पाहण्याची चूक फक्त तुझ्याच नावावर नाही.

आता तुझं दुसरं. तुझ्या बाबांना मीच सांगितलं होतं, मंजूला घेऊन जा. तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्या अंगावर तसाच फ्रॉक होता. तू दारात उभी राहिलीस की माझा हात आधी पुढं व्हायचा आणि मग मला चेहरा दिसायचा. दिवाळी दीड महिन्यावर होती. तुझी दुमड मी सोडली असती, आणि सोनूची तशीच. मला ते झालं नसतं. तू जाताना मी आत कोठीत धानाच्या पोत्यावर बसून होते. बैलगाडीचा आवाज जाईपर्यंत कानांवर हात ठेवला होता. तेव्हा ऐकू येत होतं ना. एका महिन्यात दोन पोरी घरातून गेल्या, त्यातली एक मी आपल्या हातानं घालवली. हे तुला आधी लिहायला हवं होतं. चेहरा लपवण्याबद्दल मी तुला बोलते आहे खरी.

त्रिकोण उसवू नकोस. आहेत तिथं राहू देत. मला दिसायचे नाहीत, पण मधली भिंगरी कुठं आहे ते बोटाला सापडेल.

घेराचा तो खालचा तुकडा आता भिंतीवरून काढ. गोधडीच्या पायथ्याला, सगळ्यांत शेवटी, आडवा जोड. रुंदीला कमी पडेल, दोन्ही बाजूंना पांढरं लाव. आणि चारही दुमडी परत घाल. नीट बघितलंस तर माझ्या जुन्या सुईची भोकं दिसतील. त्यांतूनच टाका घाल. नवी भोकं पाडू नकोस. कच्चा दोरा, सैल टाका, ओढला की निघेल असा. रंग आतच राहू दे.

मग पुढच्या दिवाळीला ये आणि एक दुमड सोड. त्याच्या पुढच्या दिवाळीला दुसरी. मी हात लावून बघीन, तू रंग सांग. चार आहेत. त्याच्या पुढचं मला विचारू नकोस.

थंडी ओसरत आली, तरी गोधडी पाठव. तुझ्या फुफाजींनी फरशीवर झोपायची तयारी केली आहे.

या पत्रात काही जड लिहिलं गेलं असेल तर ते अक्षराचं समज. जीव तुझ्यावर होता, तेव्हाही.

तुझी,
आत्या

•

सालेकसा,
ता. २ ऑक्टोबर २०२५

मंजू पोरी,
छोटेलालचा आशीर्वाद.

तुझ्या आत्याची तेरवी होऊन आठ दिवस झाले. तू गेल्यापासून घर लय मोठं वाटून रायलं.

येक विचारायचं होतं, तू रडत होती म्हणून तवा नाई विचारलं. मेलेल्या मानसाचं पांघरून संगं देत असतेत. लोक म्हनत होते, गोधडी द्या. मी नाई देली. भांडलो. शामकला म्हने, बुढ्याचं डोस्कं फिरलं. मी देली नाई काऊन का दोन दुमडी बाकी हाये. तू दोन दिवाळ्या येऊन दोन सोडल्या. तिनं त्यावर हात फिरवला अन् तुले विचारलं कसा हाय रंग, तू म्हटली हळदीवानी. मी दारात हुभा होतो. मले बी दिसला.

आता तूच सांग. बाकी दोनी येकदाच सोडून टाकायच्या का. माझा काई भरोसा नाई पोरी. म्या काल बिलेड घेऊन बसलो होतो पन टाका सापडला नाई. दिवाळी पंधरा-अठरा दिवसांवर हाय. तू आता येशील का नाई? जिच्यासाठी येत होती ते त गेली.

तू येनार असशील त गोधडी धुऊन, ऊन दाखवून ठेवतो.

छोटेलाल

•

सौंदड,
ता. ८ ऑक्टोबर २०२५

ती. फुफाजींस,
मंजूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र आज मिळालं. तुम्ही गोधडी दिली नाहीत, ही ओळ मी तीनदा वाचली. त्या दिवशी मी विचारायला घाबरले होते. दिलीच असेल असं धरून चालले होते, आणि अंथरुणाच्या रिकाम्या पायथ्याकडे बघायला नको म्हणून खोलीत आलेच नाही.

मी येते. धनतेरसच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघेन, गोंदियाला बदलून दुपारपर्यंत सालेकसाला पोचेन. तुम्ही स्टेशनवर येऊ नका, वाट मला पाठ आहे.

दोन्ही एकदम नाही सोडायच्या. या दिवाळीला एक आणि पुढच्या दिवाळीला एक. आत्यानं तसंच सांगितलं होतं, आणि त्याच्या पुढचं विचारू नकोस असंही सांगितलं होतं, म्हणून मी विचारत नाही. तुमचा भरोसा नाही असं पुन्हा लिहू नका. पुढच्या दिवाळीला दुमड सोडताना रंग कोणाला सांगू?

ब्लेड लावू नका. कापडाला लागेल. शामकलाकाकूंनी ओवून ठेवलेल्या सुया अजून खांबाला असतील, त्यातली एक राहू द्या. तेवढ्यानं टाका उचलता येतो.

आणि फुफाजी, गोधडी धुऊ नका. घडीत ओल राहते, माती राहते, कापड तिथूनच विरतं, हे मला माहीत आहे. तिनंच शिकवलं आहे. तरी धुऊ नका. मी येईपर्यंत ती आहे तशी राहू द्या.

जेवत जा. माया होती तेवढी अजून घरातच आहे, कमी झाली असं समजू नका.

तुमची,
मंजू